आत गेलेले आकडे

“आत गेले,” घड्याळजींची नात म्हणाली.

“बाहेर यायचे होते,” चिरंजीव म्हणाले.

“मग चाललेत कुठे?” सूनबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. त्यांच्या हातात उलथनं होतं, त्यामुळे प्रश्नाला जरा धार आली.

जेवणाच्या टेबलावर, भिंतीला टेकवून, एक पांढरी फळी उभी होती. फळीवर चार आकड्यांच्या जागा, प्रत्येक आकड्याला सात लाकडी पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीमागे काडेपेटीहून लहान अशी एक मोटर. कॅल्क्युलेटरवर असतात तसले सरळ काड्यांचे आकडे. फक्त इथे ते उजळायचे नव्हते, हलायचे होते. ज्या पट्ट्यांचा आकडा होतो त्या बोटभर पुढे येणार, बाकीच्या फळीशी सपाट राहणार आणि दर मिनिटाला लाकूड आपलं आपण नवी वेळ मांडणार, अशी योजना होती. योजना दीड वर्ष चालली होती. आज रविवारी सकाळी बटण दाबलं, मोटरी एका सुरात ‘खर्र’ म्हणाल्या आणि पुढे यायच्या त्या सगळ्या पट्ट्या शिस्तीत मागे गेल्या. फळीवर वेळ उमटली होती, पण खड्ड्यांत.

“रस्त्यासारखं झालंय,” नात म्हणाली.

चिरंजिवांनी फळी फिरवून मागून पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक मिश्र भाव आला. चूक सापडल्याचा आनंद आणि ती आपलीच असल्याचं दुःख, दोन्ही निम्मं निम्मं. मोटरी बसवायच्या ब्रॅकेटांचं चित्र त्यांनी फळीच्या समोर बसून काढलं होतं आणि ब्रॅकेट कापले होते फळीच्या मागे बसून. त्यामुळे झाडून सगळ्या मोटरी उलट्या बसल्या होत्या. एखाददुसरी उलटी बसली असती तर तो निष्काळजीपणा झाला असता. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस उलट्या बसवायला शिस्त लागते, आणि ती चिरंजिवांकडे भरपूर होती.

“दुरुस्त होईल,” ते म्हणाले. “प्रोग्रॅममध्ये एक उणे चिन्ह घालायचं. बस.”

“दीड वर्षात एक उणे राहिलं,” सूनबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. आत काहीतरी करपत होतं.

चिरंजीव बावन्न वर्षांचे होते. डोक्यावर केस नव्हते, नाकावर चष्मा होता आणि वीज कार्यालयात बिलांच्या तक्रारींच्या खिडकीमागे त्यांनी आयुष्याचा बरा भाग घालवला होता. तरी गल्लीत त्यांना कुणी नावानं ओळखत नसे. ‘घड्याळजींचा मुलगा’ एवढीच त्यांची ओळख. लग्नपत्रिकाही याच नावानं येत आणि अंगावर खेकसणारे ग्राहकही खेकसून झाल्यावर दमानं विचारत, “तुम्ही घड्याळजींचे चिरंजीव ना?” त्यांचं खरं नाव पगाराच्या स्लिपवर होतं आणि तिथे ते वाचायला कुणी जात नाही.

त्यांना नाद होता इलेक्ट्रॉनिक्सचा. यापूर्वी त्यांनी गॅलरीतल्या कुंड्यांना आपोआप पाणी घालणारं यंत्र केलं होतं. त्यानं खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे आपोआप भिजवले. दूध उतू जाण्याची सूचना देणारी घंटा केली होती. ती दूध उतू गेल्यावर वाजे, पण अगदी न चुकता वाजे. या पार्श्वभूमीवर घड्याळ म्हणजे मोठी उडी होती. आणि ही उडी बघायला आज पाच वाजता वाचनालयाचे सेक्रेटरी येणार होते. वाचनालयाची नवी इमारत झाली होती, प्रवेशाच्या दालनातली भिंत रिकामी होती आणि तिथे हातानं बनवलेलं, हलणारं, लोकांनी उभं राहून बघावं असं घड्याळ लावायची कल्पना त्यांना आवडली होती. खाली पितळी पाटी. पाटीवर चिरंजिवांचं नाव. कुणाचा मुलगा वगैरे काही नाही, नुसतं नाव.

चिरंजिवांनी हे घरात एकदाच सांगितलं होतं आणि सांगताना ते चष्मा पुसत होते. त्यावरून सगळ्यांना कळलं की प्रकरण गंभीर आहे.

घड्याळजी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होते. ते आता ऐकतच असत. चाळीसेक वर्षं एका डोळ्याला भिंग लावून त्यांनी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर घड्याळजींना बाहेर यावं लागे. पण सगळी गल्ली त्यांच्या दुकानातल्या वेळेवर चाले. डॉक्टर जाताना मनगट वर करून विचारत, “घड्याळजी, बरोबर आहे ना?” आणि घड्याळजी न बघता म्हणत, “दोन मिनिटं पुढे आहात, डॉक्टर. घाई बरी नव्हे.”

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेकडेनं दिसे, दार कळे, खिडकी कळे, समोर माणूस आहे हे कळे. पण जिकडे बघावं, नेमकं तेवढंच दिसत नसे. भिंतीवरच्या घड्याळाची चौकट दिसे आणि काटे नाहीत. एकदा त्यांनी आपल्या मनगटी घड्याळाची काच काढून काटे बोटांनी चाचपायचा प्रयत्न केला. बोटंही आता जड झाली होती. मिनिटकाटा वाकला. जन्मभर लोकांचे वाकडे काटे सरळ केलेल्या माणसानं ते घड्याळ रुमालात गुंडाळून खणात ठेवलं आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही.

पण वेळ तर लागतेच. आणि ‘किती वाजले?’ हे विचारायची सवय त्यांच्या जिभेला नव्हती. म्हणून ते आडून येत.

“सूनबाई, पेपरवाला आला का गं?”

“येईल आता, बाबा. सात वाजायला आलेत ना.”

“कचऱ्याची गाडी आज लवकर आली वाटतं.”

“नाही हो आजोबा, नेहमीचीच. आठ दहाची.”

“नळाला पाणी आलं का?” याचा अर्थ संध्याकाळचे साडेपाच झाले का. घरात सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे घड्याळजींनाही ठाऊक होतं. पण मूठ झाकलेली होती आणि ती तशीच ठेवण्याइतपत सगळे सुसंस्कृत होते.

मध्यंतरी घड्याळजींच्या मुलीनं, म्हणजे चिरंजिवांच्या बहिणीनं, बोलणारं घड्याळ पाठवलं. बटण दाबलं की एक गोड बाई वेळ सांगे, आणि दर तासाला न विचारताही सांगे. घड्याळजींनी दोन दिवस सहन केलं.

“ही कोण?” त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

“घड्याळ आहे, बाबा. ताईनं पाठवलंय.”

“घड्याळाकडे कान द्यावा. त्याचं ऐकून घेऊ नये,” असं म्हणून त्यांनी ते पांघरुणांच्या ट्रंकेत तळाशी ठेवून दिलं. तिथूनही ती बाई दर तासाला दबल्या आवाजात वेळ सांगत राहिली. सेल संपेपर्यंत घरातल्या प्रत्येकाला आपण काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटत होतं.

चिरंजिवांनी घड्याळ करायला घेतलं ते मात्र वडिलांसाठी नव्हे. उलट, वडिलांना दिसत असतं तर त्यांनी ते करायचं धाडस केलंच नसतं. कारण सातवीत असताना ते एकदा दुकानात बसले होते. मोठ्या हौसेनं. घड्याळजींनी त्यांच्या चिमट्यात एक चक्र दिलं, थोडा वेळ पाहिलं आणि मग त्यांचा तळवा उलटा करून त्यावर बोट फिरवलं.

“तुझ्या हाताला घाम आहे,” ते म्हणाले. “तू हात लावशील त्या घड्याळाला आतून गंज चढेल. अभ्यास कर.”

त्यात राग नव्हता, दुष्टपणाही नव्हता. उंची कमी भरली तर सैन्यात घेत नाहीत, तसं होतं ते. चिरंजिवांनी अभ्यास केला आणि वीज कार्यालयात लागले, जिथे हाताला घाम असलेला चालतो. बऱ्याचदा तो तिथेच फुटतो.

तर आता चिरंजीव टेबलाशी लॅपटॉप उघडून ते उणे चिन्ह कुठे घालायचं ते शोधत होते. नात फोनवर होती. घड्याळजी खुर्चीतून उठले, ‘खर्र’ जिथून आलं होतं तिकडे सरकत गेले आणि त्यांनी फळीवर तळवा ठेवला.

“बाबा, जपून, मोटरी आहेत मागे.”

“चावतात का?”

“नाही.”

“मग?”

तळवा फळीवरून सरकला. मग तळव्याची बोटं झाली आणि त्यातलं एक बोट खाचेत पडलं. खाच होती तिथवर बोट धावलं, कोपऱ्याशी थांबलं, वळलं. कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवावं तसं. पुढे आलेल्या पट्टीवरून बोट घसरतं. खाचेतून घसरायला जागा नसते.

“हे दोन उभे. एक आणि एक,” घड्याळजी स्वतःशीच म्हणाले. “अकरा. आणि हे काय? खुर्ची उलटी ठेवलीये?”

लॅपटॉपवरची बोटं थांबली. “चार आहे तो, बाबा.”

“चार होय. आणि हे बदक. सुतारानं केलेलं दिसतंय.”

“दोन.”

“अकरा बेचाळीस,” घड्याळजी म्हणाले.

नातीनं फोनवर पाहिलं आणि मान डोलावली, मग मान डोलावलेली आजोबांना दिसत नाही हे लक्षात येऊन म्हणाली, “बरोबर.”

“बरोबर आहे का हे मी विचारलं नाही,” घड्याळजी म्हणाले.

सूनबाई पुन्हा दारात येऊन उभ्या होत्या. दोन वर्षांत या घरात घड्याळजींनी वेळ सांगितली नव्हती. घड्याळजींचं बोट अजून बदकाच्या पोटाखाली, डावीकडच्या खाचेत होतं. तेवढ्यात खर्र झालं, दोनाचे तीन झाले आणि खाचेतून वर आलेल्या पट्टीनं ते बोट अलगद बाहेर ढकललं.

“लागलं का, बाबा?” चिरंजीव उठलेच.

“नाही.” घड्याळजी बोटाकडे बघत होते, म्हणजे बोटाच्या थोडंसं बाजूला बघत होते. “मिनिट गेलं. सांगून गेलं.”

मग ते खुर्चीत जाऊन बसले. जेवणं होईपर्यंत आणखी तीनदा उठले आणि प्रत्येक वेळी पाणी प्यायला उठल्याचं निमित्त केलं. तिन्ही वेळा पाणी प्यायचं राहिलं. चिरंजिवांचा लॅपटॉप उघडाच होता. उणे चिन्हाचं बटण त्यावर उजवीकडे वरच्या ओळीत होतं आणि कुठे पळून जाणार नव्हतं.

पाच वाजता सेक्रेटरी आले. ते मोठ्यानं कौतुक करणाऱ्यांपैकी होते.

“वा! वा! काय कलाकृती आहे हो! सगळं घरी? ह्या टेबलावर? वहिनी, तुम्ही जेवता कुठे?”

“दीड वर्ष मांडीवर,” सूनबाई म्हणाल्या. पण म्हणताना त्यांनी फळीवरची न दिसणारी धूळ पदरानं पुसली, हेही खरं.

चिरंजिवांनी फळी फिरवून मागची बाजू दाखवली. अठ्ठावीस मोटरींच्या तारा एकेका रंगाच्या जुडीत बांधलेल्या, एकही जोड उघडा नाही, प्रत्येक वळण काटकोनात. समोरच्यापेक्षा मागची बाजू जास्त देखणी होती. सेक्रेटरींनी ती तीन सेकंद पाहिली.

“फक्त ते आकडे आत गेलेत, नाही का? आमच्या दालनात लांबून दिसायला हवेत. पुढे नाही येत?”

“येतात. एक चिन्ह बदलायचं.”

“मग बदला की! उद्या माणसं पाठवतो. गुरुवारी उद्घाटन. पाटी टाकलीये करायला. पितळेची, हां, पत्र्याची नाही. सकाळी बघून आलो, नाव निम्मं कोरून झालंय.”

चिरंजिवांनी चष्मा काढला. आपलं नाव पितळेत निम्मं कोरलेलं आहे, या गोष्टीचा आनंद बावन्न वर्षांच्या माणसाला किती होतो ते चष्मा पुसायला लागलेल्या वेळावरून कळत होतं.

घड्याळजी धुतलेला सदरा घालून कोपऱ्यात ताठ बसले होते. पाहुण्यांदेखत फळी चाचपायला ते उठले नाहीत, उठणारही नव्हते.

“चांगलं झालंय,” ते म्हणाले. “जाऊ दे वाचनालयात. चार लोक बघतील.” मग मान स्वयंपाकघराकडे वळवून, नेहमीच्या आवाजात म्हणाले, “सूनबाई, नळाला पाणी आलं का गं?”

सूनबाईंनी चिरंजिवांकडे पाहिलं. नातीनं फोन खाली ठेवला.

तक्रारींच्या खिडकीमागे बसून चिरंजिवांना दुसरं काही नाही तरी एवढं कळायला लागलं होतं, की माणूस विचारतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“साहेब,” ते सेक्रेटरींना म्हणाले, “हे नाही देता येणार.”

“म्हणजे?”

“हे इथे लागतं.”

“इथे?” सेक्रेटरींनी खोलीभर नजर फिरवली. “अहो, इथे कोण बघणार?”

“बघणार कुणी नाही,” चिरंजीव म्हणाले. “तुम्हाला दुसरं करून देतो. पुढे येणारं. तेच सोपं आहे.”

“किती दिवस लागतील?”

“दीड वर्ष.”

“आणि गुरुवारी मी काय लावू? पाटी?”

“निम्मी आहे म्हणालात ना,” चिरंजीव म्हणाले. “तेवढ्यावर थांबवा. तेवढ्या नावाचा दुसरा कोणी मिळेल.”

सेक्रेटरी चहा न घेता गेले. जिन्यात ते कुणालातरी म्हणत होते, “घड्याळजींचा मुलगा हो! दुसरं काय!” जिन्यातला आवाज घरात स्पष्ट येतो, हे त्या इमारतीत राहणाऱ्यांनाच माहीत. गुरुवारी वाचनालयात बाजारातलं एक गोल घड्याळ लागलं. ते चांगलं चालतं असं ऐकतो.

सेक्रेटरी गेले तशी सूनबाईंनी न घेतलेला चहा आत नेला. मग घड्याळजी म्हणाले, “मूर्ख आहेस.”

“हो, बाबा.”

“कुठे लावणार?”

“तुम्ही सांगा.”

घड्याळजी उठले, आपल्या खुर्चीशेजारच्या भिंतीशी उभे राहिले आणि हात जिथे सहज टेकला तिथे थाप मारली. ती जागा छातीइतक्या उंचीवर होती. तिथे घड्याळ लावणं म्हणजे बाकी सगळ्यांनी वेळ बघायला वाकायचं. चिरंजिवांनी तिथेच खिळे ठोकले. ते उणे चिन्ह घालायचं राहिलं ते राहिलंच.

पुढच्या आठवड्यात घड्याळजींची पहिली तक्रार आली. रेडिओच्या बातम्यांच्या ठोक्यांशी त्यांनी बोट लावून ताडून पाहिलं होतं.

“मागे पडतंय तुझं.”

“किती?”

“उघड, बघू.”

चिरंजिवांनी फळी भिंतीवरून उतरवून टेबलावर पालथी घातली आणि भिंतीवर लावताना मागे बसवलेलं झाकण काढलं. घड्याळजी खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांनी तारांच्या जुड्यांवरून बोट फिरवलं, एकेका वळणाशी थांबत, प्रत्येक जोडावरून नखाचं टोक नेत. कुठे अडलं नाही. ब्रॅकेटांपाशी आल्यावर ते गालात हसले.

“सगळेच उलटे.”

“हो.”

“बरं झालं.” मग म्हणाले, “वेळ कुठून येते याला?”

“हा बारका चौकोन. इथून दुरुस्त करता येते. प्रोग्रॅममध्ये बदलतो आणि ही तार जरा...”

“थांब. हात पुसून ये.”

चिरंजीव बावन्नाव्या वर्षी उठले, मोरीत जाऊन हात धुतले, टॉवेलनं कोरडे केले आणि परत येऊन बसले. घड्याळजींनी त्यांचा तळवा उलटा करून त्यावर बोट फिरवलं.

“आहेच अजून,” ते म्हणाले. “असू दे. लाकडाला चालतो.”

काम झालं. झाकण लावायच्या आधी घड्याळजींनी खणातला एक रुमाल मागवला. त्यात त्यांचं काच नसलेलं घड्याळ होतं आणि जुनी टोकदार सुई होती. सुई त्यांनी मुलाच्या हातात दिली.

“आम्ही उघडलेल्या घड्याळाच्या झाकणावर आतून खूण करत असू. बाहेरून दिसत नाही. पुढे कधी दुसरा घड्याळजी उघडतो, तेव्हा त्याला कळतं, आधी कुणाचा हात लागलाय. तुझं नाव घाल.”

“आत?”

“मग कुठे? बाहेर गिऱ्हाइकाचं असतं.”

चिरंजिवांनी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं काहीतरी कोरलं. बराच वेळ कोरत होते. पूर्ण नाव असावं. झाकण लागलं, फळी भिंतीवर गेली, खर्र झालं. घड्याळजींनी फळीला कान लावला, तसाच ठेवला आणि दुकानात दुरुस्त झालेल्या घड्याळाला जे दोन शब्द म्हणत, ते म्हणाले.

“चालू दे.”

हे शब्द त्यांनी आयुष्यभर घड्याळांना म्हटले होते, माणसांना कधीच नाही. आत्ताही त्यांचं तोंड घड्याळाकडेच होतं. चिरंजिवांनी ते आपल्यालाही म्हटलं असं मानून घेतलं.

त्यानंतर त्या घरात एक चमत्कारिक रीत पडली आहे. सगळ्यांच्या हाताशी फोन आहेत, सूनबाईंच्या मनगटावर घड्याळ आहे, स्वयंपाकघरात आणखी एक आहे. तरी कामावर निघताना, कुकर लावताना, कुणाला फोन करायचा असताना माणसं कोपऱ्याकडे तोंड करून विचारतात. शेजारचे काका तर जिन्यातून वर येतात.

“बाबा, किती वाजले हो?” परवा सूनबाईंनी विचारलं. त्या पोळ्या लाटत होत्या आणि त्यांचं मनगट त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं.

घड्याळजी उठले. सदरा सारखा केला. भिंतीशी जाऊन त्यांनी शेवटच्या आकड्याच्या खाचेत बोट ठेवलं आणि तिथेच राहू दिलं.

“बाबा?”

“थांब,” ते म्हणाले. “बदलतंय.”

सूनबाईंनी लाटणं थांबवलं. चिरंजीव एक पाय बुटात घालून दारात तसेच उभे राहिले. खर्र झालं आणि घड्याळजींचं बोट बाहेर आलं.

“हं,” ते म्हणाले. “आता विचार.”